पर्लमधून सी लायब्ररीतली फंक्शन्स कॉल करायची तर

पडद्यावर उणे ८७,३१,८७,०३४ असा आकडा आला आणि चेकसम (डेटा बदलला नाही ना, हे ताडायचा आकडा) उणे कसा असेल, हे शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली. लायब्ररीत चूक नव्हती, पर्लमध्येही नव्हती. सीच्या त्या फंक्शनचा परतावा मी 'इंट' लिहिला होता. हेडर फाइलीत तो 'अनसाइन्ड लाँग' होता. खरं उत्तर ३,४२,१७,८०,२६२. त्यातून २ चा ३२ वा घात वजा करा, माझा उणे आकडा मिळतो.

या विषयातल्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. कंपाइल झालेल्या लायब्ररीच्या फाइलीत, म्हणजे लिनक्सवरच्या 'डॉट एसओ'मध्ये, फंक्शनांची नावं असतात. ते फंक्शन किती आणि कसली आर्ग्युमेंट्स घेतं, काय परत देतं, हे त्यात नसतं. ते हेडर फाइलीत असतं, आणि पर्ल हेडर वाचत नाही. मग मधला दुभाषी कोण? तुम्ही. दुभाष्याने चुकीचं सांगितलं तरी दोन्ही बाजू निमूट ऐकून घेतात, हीच अडचण आहे.

उदाहरणाला झेडलिब घेऊ. झाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांची ही कॉम्प्रेशनची लायब्ररी १९९५ पासून आहे. लिनक्सच्या जवळपास प्रत्येक मशीनवर ती सापडते, आणि तिच्या हेडरमधल्या टिपा इतक्या चांगल्या आहेत की वेगळं पुस्तक लागत नाही. कोडच्या ओळी इथे शब्दांत सांगतो. नेमक्या चिन्हांसाठी मॉड्यूलचं पर्लडॉक पान, म्हणजे त्याचं माहितीपान, दुसऱ्या खिडकीत उघडं ठेवा.

आधी सीपॅन बघा

झेडलिबसाठी खरं तर यातलं काहीच करावं लागत नाही. कॉम्प्रेस::रॉ::झेडलिब हे मॉड्यूल पर्लबरोबरच येतं आणि चेकसम काढणारं सीआरसी३२ फंक्शनही त्यात आहे. कुठल्याही प्रसिद्ध लायब्ररीबाबत हेच समजा: तुमच्याआधी कुणीतरी ते काम करून सीपॅनवर, म्हणजे पर्लच्या मॉड्यूलांच्या ऑनलाइन भांडारात, ठेवलेलं असतं. आपल्यावर वेळ येते ती अनोळखी लायब्ररीची. यंत्र विकणाऱ्याने सोबत दिलेली एक बायनरी आणि एक हेडर, किंवा ऑफिसात दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेलं सी. सराव मात्र झेडलिबवरच करावा. आपलं उत्तर ताडून पाहायला पर्लचं तयार मॉड्यूल शेजारी असतं.

तीन वाटा आणि एक फसवी पायवाट

पहिली वाट एफएफआय::प्लॅटिपस. हे मॉड्यूल लिबएफएफआय या लायब्ररीच्या आधाराने, स्क्रिप्ट चालू असतानाच, सीच्या फंक्शनला कॉल करतं. पायथनमधलं सीटाइप्सही त्याच लिबएफएफआयवर उभं आहे. तुम्हाला स्वतः सीची एकही ओळ लिहावी लागत नाही.

दुसरी इनलाइन::सी. यात पर्लच्या फाइलीतच सीचा कोड लिहायचा. पहिल्यांदा चालवताना तो कंपाइल होतो आणि पुढच्या वेळेसाठी एका फोल्डरात साठवला जातो.

तिसरी एक्सएस. पर्ल ५ आलं १९९४ मध्ये, तेव्हापासूनची पर्ल आणि सी यांच्यातला जोड लिहायची ही अधिकृत पद्धत. सीपॅनवरची वजनदार मॉड्यूल्स बहुतेक याच वाटेने आली आहेत.

फसवी पायवाट म्हणजे डायनालोडर. पर्लबरोबरच येणाऱ्या या मॉड्यूलला लायब्ररी उघडता येते, त्यातलं फंक्शन नावाने शोधता येतं आणि ते पर्लच्या नावाला जोडताही येतं. इतकं हाताशी आल्यावर वाटतं, झालं की काम! पण असं जोडलेलं फंक्शन एक्सएसच्या पद्धतीने आर्ग्युमेंट्स घेणारं असावं लागतं. साधं सीचं फंक्शन जोडून कॉल केलंत तर ते पर्लच्या इंटरप्रिटरचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) म्हणजेच आपलं पहिलं आर्ग्युमेंट असं काहीतरी समजतं, आणि स्क्रिप्ट कोसळते.

माझं मत विचाराल तर सुरुवात प्लॅटिपसने करा. एक्सएसकडे कधी जायचं ते शेवटी सांगतो.

हेडर हातात घ्या

डेबियन किंवा उबंटूवर झेडलिबचं डेव्ह पॅकेज टाका. हेडर यूएसआर फोल्डरातल्या इन्क्लूडमध्ये येईल. कागद घ्या आणि जी फंक्शन्स हवीत त्यांच्यापुढे तीन गोष्टी लिहा: प्रत्येक आर्ग्युमेंटचा खरा प्रकार, परताव्याचा खरा प्रकार, आणि मेमरीची मालकी कोणाची.

'खरा' म्हणायचं कारण टाइपडेफ, म्हणजे एखाद्या प्रकाराला दिलेलं दुसरं नाव. झेडलिबच्या हेडरमध्ये 'यूलाँग' आणि 'यूइंट' अशी घरगुती नावं आहेत. मागे जात गेलात की कळतं, यूलाँग म्हणजे अनसाइन्ड लाँग. हा अनसाइन्ड लाँग ६४ बिटच्या लिनक्सवर ८ बाइटचा असतो, तर ६४ बिटच्या विंडोजवर ४ बाइटचा. म्हणून प्लॅटिपसला '६४ बिटचा पूर्णांक' सांगू नका, 'अनसाइन्ड लाँग' असंच सांगा. त्या मशीनवर त्याची लांबी किती ते प्लॅटिपसला ठाऊक असतं.

दुसरा सापळा मॅक्रोंचा. हेडरमध्ये जे फंक्शनसारखं दिसतं ते फंक्शन असतंच असं नाही. झेडलिबमधलं डिफ्लेटइनिट हे मॅक्रो आहे. खरं फंक्शन म्हणजे त्याच नावाच्या शेवटी अंडरस्कोर लावलेलं, आणि ते लायब्ररीची आवृत्ती व स्ट्रक्चरची लांबी अशी दोन जास्तीची आर्ग्युमेंट्स घेतं. मॅक्रो कंपाइल होताना विरघळून जातो, बायनरीत त्याचं नाव उरत नाही. 'हॅश डिफाइन'ने दिलेल्या स्थिरांकांचंही तेच. झेड_ओके म्हणजे ० हे तुम्हालाच पर्लमध्ये लिहावं लागतं.

नाव बायनरीत आहे की नाही ते 'एनएम' कमांडला 'उणे कॅपिटल डी' हा पर्याय देऊन पाहा. नावाआधी कॅपिटल टी दिसला की फंक्शन बाहेरून कॉल करता येतं. नावाच्या जागी अंक आणि अक्षरांची विचित्र माळ दिसली तर लायब्ररी सी++ची आहे. तिच्या लेखकाने फंक्शन्स 'एक्सटर्न सी' करून दिलेली नसतील तर तुम्हालाच एक पातळ सी आवरण लिहावं लागेल.

पहिला कॉल

सीपॅनएम या कमांडने एफएफआय::प्लॅटिपस आणि एफएफआय::चेकलिब ही दोन मॉड्यूल्स टाका. डेबियन-उबंटूत ती एपीटीनेही येतात.

स्क्रिप्टमध्ये प्लॅटिपसचा ऑब्जेक्ट तयार करताना 'एपीआय' ला २ ही किंमत द्या. ती दिली नाही तर जुनं वर्तन लागू होतं, आणि पर्लडॉकातली नवी उदाहरणं जशीच्या तशी चालत नाहीत. मग लायब्ररी सांगायची. फाइलीचा पूर्ण पाथ स्वतः लिहू नका. चेकलिबच्या फाइंड-लिब-ऑर-डाय फंक्शनला फक्त 'झेड' हे नाव द्या, ते फाइल शोधून देतं. मॅकओएसमध्ये बिग सरपासून सिस्टिमच्या बऱ्याच लायब्ररी डिस्कवर फाइल म्हणून दिसतच नाहीत, तिथे फाइल डोळ्यांनी शोधून पाथ लिहिणं जमत नाही. सीच्या स्टँडर्ड लायब्ररीतलं, म्हणजे स्ट्रलेनसारखं, फंक्शन हवं असेल तर लायब्ररीच्या जागी 'अनडेफ' द्या. पर्ल स्वतःच सीमध्ये लिहिलेलं असल्यामुळे ती फंक्शन्स चालू प्रोसेसमध्ये आधीच असतात.

आता 'अटॅच'. याला तीन गोष्टी लागतात: फंक्शनचं नाव, आर्ग्युमेंटच्या प्रकारांची यादी आणि परताव्याचा प्रकार. पहिला कॉल नेहमी बिनधोक्याच्या फंक्शनचा करावा. झेडलिबव्हर्जन आर्ग्युमेंट घेत नाही आणि स्ट्रिंग परत देतं, म्हणजे यादी रिकामी आणि परतावा 'स्ट्रिंग'. चालवल्यावर १.२ किंवा १.३ ने सुरू होणारी आवृत्ती छापली गेली, की लायब्ररी सापडली, उघडली आणि बोललीही.

पर्लच्या स्वतःच्या फंक्शनशी नाव जुळत असेल, उदाहरणार्थ स्लीप किंवा प्रिंटएफ, तर अटॅच करताना दुसरं नाव द्या. नावाच्या जागी सीतलं नाव आणि पर्लमधलं नाव अशी जोडी चालते.

सीआरसी३२, आणि मराठी स्ट्रिंगची गोची

सीआरसी३२ तीन आर्ग्युमेंट्स घेतं: आतापर्यंतचा चेकसम (अनसाइन्ड लाँग), डेटाचा पॉइंटर ('स्ट्रिंग') आणि लांबी (अनसाइन्ड इंट). परतावा अनसाइन्ड लाँग. पहिल्या वेळी चेकसम ० द्यायचा. मोठी फाइल तुकड्यांनी वाचत असाल तर मागच्या तुकड्याचं उत्तर पुढच्या कॉलला द्यायचं.

तपासायला १ ते ९ हे अंक इंग्रजी आकड्यांत सलग लिहा, मध्ये काही नाही, आणि लांबी ९ द्या. उत्तर ३,४२,१७,८०,२६२ आलंच पाहिजे. हेक्समध्ये ते सीबीएफ४३९२६. सीआरसी३२ची ही सर्वमान्य चाचणी आहे. तुमच्या अनोळखी लायब्ररीलाही असं आधी ठाऊक असलेलं एखादं उत्तर शोधा, नाहीतर एक छोटा सी प्रोग्राम लिहून ते मिळवा. 'काहीतरी आकडा आला' एवढ्यावर पुढे जाऊ नका.

आता तीच स्क्रिप्ट 'मराठी' या शब्दावर चालवा. वर 'यूज यूटीएफ८' लिहिलेलं असेल तर पर्लचं लेंग्थ फंक्शन ५ सांगतं: म, र, काना, ठ, दीर्घ ईकार. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे मेमरीत १५ बाइट आहेत. तुम्ही लांबी ५ दिलीत. सीने पहिले ५ बाइट वाचले, म्हणजे म पूर्ण आणि र अर्धवट, आणि तेवढ्याचा चेकसम हसतमुखाने परत दिला. एरर नाही, वॉर्निंग नाही. 'मराठी' आणि 'मराठा' या दोन्हींचा चेकसम सारखाच येतो, तेव्हा कुठे संशय येतो.

यावर काहीजण बाइटमधली लांबी वेगळी मोजून देतात. देवनागरीवर ते चालतं, आणि म्हणूनच ते जास्त घातक आहे. पर्लमध्ये २५५ पर्यंत कोड असलेलं चिन्ह आतून एका बाइटात राहू शकतं, किंवा यूटीएफ-८ म्हणून दोन बाइटांतही राहू शकतं. '½' (कोड १८९) किंवा तापमानातलं '°' (कोड १७६) ही चिन्हं सीएचआर फंक्शनने बनवली तर एक बाइट, डीकोड करून फाइलीतून वाचली तर दोन. पर्लच्या दृष्टीने दोन्ही स्ट्रिंग्ज समान, सीच्या दृष्टीने वेगळ्या. देवनागरीचे कोड २५५ च्या कितीतरी पुढे असल्याने ती नेहमी यूटीएफ-८ मध्येच असते. त्यामुळे फक्त मराठी मजकुरावर चाचणी करणाऱ्याला ही चूक कधीच दिसत नाही. मग एखाद्या दिवशी '½ kg' येतं.

नियम एकच: सीकडे जाणारी प्रत्येक मजकुराची स्ट्रिंग आधी एन्कोड मॉड्यूलने यूटीएफ-८ बाइटांत बदलायची, लांबी त्या बदललेल्या स्ट्रिंगची घ्यायची, आणि सीकडून आलेला मजकूर डीकोड करायचा. ज्या फंक्शनला लांबी देता येत नाही त्याच्याबाबत आणखी एक ध्यानात ठेवा. सी शून्य बाइटपाशी थांबतं, पर्ल थांबत नाही. मध्ये शून्य असलेला डेटा तिथेच तुटतो.

सीने लिहायचा बफर

इथपर्यंत सी फक्त वाचत होतं. कॉम्प्रेस फंक्शन लिहितंही. त्याची आर्ग्युमेंट्स अशी: जिथे लिहायचं तो पॉइंटर, लांबीचा पॉइंटर, मूळ डेटा आणि मूळ लांबी. लांबीचा पॉइंटर दुहेरी कामाचा आहे. जाताना त्यात 'माझ्याकडे एवढी जागा आहे' असतं, येताना 'मी एवढी वापरली' असतं.

पर्लच्या व्हेरिएबलमध्ये शून्यं भरून त्याचाच पॉइंटर सीला द्यायचा मोह होतो. देऊ नका. पर्ल ५.२० पासून, म्हणजे २०१४ पासून, स्ट्रिंगची नक्कल लगेच होत नाही. दोन व्हेरिएबल्स एकाच मेमरीकडे बोट दाखवत राहतात आणि पर्लमधून एक बदललं की मगच वेगळी होतात. सीने पाठीमागून लिहिलेलं पर्लला कळत नाही. बदलायला गेलात एक, बदलली दोन.

त्यापेक्षा असं करा:

१. कॉम्प्रेसबाउंड फंक्शनला मूळ लांबी द्या. जास्तीत जास्त किती जागा लागेल ते तो सांगतो.

२. एफएफआय::प्लॅटिपस::मेमरी मधल्या मॅलॉकने तेवढी जागा मेमरीत मागून घ्या.

३. कॉम्प्रेस अटॅच करताना पहिल्या आर्ग्युमेंटचा प्रकार 'ओपेक', म्हणजे आत काय आहे ते न विचारता नेलेला पॉइंटर. दुसऱ्याचा अनसाइन्ड लाँग आणि पुढे तारा. कॉल करताना तिथे व्हेरिएबलचा रेफरन्स द्यायचा.

४. परतावा ० आहे का ते बघा. उणे ५ आला तर बफर अपुरा पडला.

५. एफएफआय::प्लॅटिपस::बफर मधल्या बफर-टू-स्केलरला पॉइंटर आणि नवी लांबी द्या. ते डेटाची नक्कल पर्लमध्ये आणतं.

६. फ्री, म्हणजे मॅलॉकने घेतलेली जागा परत.

पहिला बाइट हेक्समध्ये ७८ आला तर बहुधा जमलं. तरी पर्लच्या कॉम्प्रेस::झेडलिबमधल्या अनकॉम्प्रेसने तो उलगडून मूळ डेटाशी ताडून बघाच.

मेमरी कोणाची?

झेडलिबव्हर्जनने दिलेली स्ट्रिंग लायब्ररीच्याच मालकीची, ती सोडायची नसते. पण बऱ्याच लायब्ररी मॅलॉक करून स्ट्रिंग देतात आणि हेडरमधल्या टिपेत लिहितात की ती कॉल करणाऱ्याने सोडावी. एका वजनकाट्याच्या लायब्ररीत मी ही टीप वाचली नव्हती. परतावा 'स्ट्रिंग' लिहिला, सगळं बरोबर चाललं, आणि स्क्रिप्ट दिवसागणिक फुगत गेली. 'स्ट्रिंग' लिहिलं की प्लॅटिपस मजकुराची नक्कल घेतं आणि मूळ पॉइंटर विसरतं. तो सोडायला मग कोणी उरत नाही. अशा ठिकाणी परतावा 'ओपेक' घ्या, कास्ट करून मजकूर काढा, आणि मग सोडा. लायब्ररीने स्वतःचं 'फ्री' फंक्शन दिलं असेल तर तेच वापरा.

उलट दिशेलाही हाच प्रश्न आहे. तुम्ही दिलेला पॉइंटर सीने कॉल संपल्यावरही जपून ठेवला, तर पर्लने ते व्हेरिएबल बदललं किंवा टाकलं की तो पॉइंटर हवेत लोंबकळतो. कॉलबॅकमध्ये, म्हणजे सीने उलट पर्लच्या फंक्शनला कॉल करताना, ही चूक सर्रास होते. प्लॅटिपसच्या क्लोजरने पर्लचा सब सीला देता येतो, पण तो क्लोजर एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायलाच हवा. कॉलच्या कंसातच क्लोजर तयार करून दिलात आणि लायब्ररीने तो नंतर कधीतरी वापरला, तर तोवर पर्लने तो फेकून दिलेला असतो. कॉलबॅकच्या आत डाय होऊ देऊ नका, तिथल्या तिथे इव्हॅलने पकडा. आणि लायब्ररीने स्वतःच्या थ्रेडमधून पर्लला कॉल करायचा असेल, तर ती वाट सोडून द्या.

एक्सएस कधी

दोन कारणांसाठी. एक वेग: लाखो छोटे कॉल होत असतील तर पर्ल आणि सीच्या सीमेवरची ये-जाच महाग पडते, तेव्हा लूपच सीमध्ये न्यावा. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. एक्सएसमध्ये तुमची फाइल लायब्ररीचं हेडर समाविष्ट करते आणि सीचा कंपायलर दोन्ही एकत्र बघतो. आर्ग्युमेंट्सची संख्या किंवा पॉइंटरचा प्रकार चुकला तर कंपायलर लगेच बोलतो; वरची माझी 'इंट'ची चूक मात्र तो सहसा निमूट रूपांतर करून चालवून घेतो. इनलाइन::सीलाही हा फायदा आहे. पण ज्या फंक्शनची घोषणा त्याला समजत नाही ते इनलाइन गुपचूप वगळतं, आणि फंक्शन 'सापडत नाही' म्हणून तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

एक्सएसची सुरुवात एच२एक्सएस या कमांडने होते. 'उणे कॅपिटल ए' आणि 'उणे एन' या पर्यायांपुढे मॉड्यूलचं नाव दिलं की सांगाडा तयार. मेकफाइल डॉट पीएलमध्ये लिब्सच्या जागी 'उणे एलझेड' लिहा. डॉट एक्सएस फाइलीत 'मॉड्यूल' ही ओळ शोधा. तिच्या वर शुद्ध सी, तिथे झेडलिबचं हेडर समाविष्ट करा. तिच्या खाली एक्सएस. तिथे परताव्याचा प्रकार स्वतंत्र ओळीवर, पुढच्या ओळीवर फंक्शनचं नाव आणि कंसात आर्ग्युमेंट्सची नावं, मग त्यांचे प्रकार. मग मेकफाइल डॉट पीएल पर्लने चालवा, मेक, मेक टेस्ट.

'टाइपमॅप सापडला नाही' असा एरर पहिल्याच मेकला येतो. पर्लला इंट, डबल, कॅर-तारा असे नेहमीचे प्रकार ठाऊक असतात, झेडलिबची 'बाइटएफ-तारा'सारखी घरगुती नावं नसतात. एकतर टाइपमॅप फाइलीत ती ओळख करून द्या, किंवा तिथे कॅर-तारा लिहून आत कास्ट करा. स्ट्रिंग घेताना एसव्हीपीव्हीबाइट हा मॅक्रो वापरला तर न एन्कोड केलेली 'मराठी' आल्यावर तो चक्क ओरडतो. प्लॅटिपसमध्ये ही सोय आपोआप मिळत नाही.

एक्सएसची एक किंमत मोजावी लागते. पर्ल ५.३६ वरून ५.३८ वर गेलात की मॉड्यूल पुन्हा कंपाइल करायचं. नाही केलंत तर 'हँडशेक की' जुळत नाही असा एरर येतो. सर्व्हर अपग्रेड झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हमखास.

कोसळलं तर

सेगमेंटेशन फॉल्ट इव्हॅलने पकडता येत नाही. पर्ल स्वतःच मरतं, एररची ओळ छापायलाही उरत नाही. जीडीबी या डीबगरला 'आर्ग्स' हा पर्याय देऊन त्यापुढे पर्ल आणि तुमची स्क्रिप्ट द्या, रन करा, कोसळल्यावर बीटी टाइप करा, म्हणजे कोणी कोणाला कॉल केलं ती साखळी दिसते. वरच्या दोन-तीन ओळींत लायब्ररीच्या फंक्शनचं नाव दिसेल, त्या फंक्शनची हेडरमधली घोषणा आणि तुमची अटॅचची ओळ शेजारी ठेवून वाचा. मेमरी गळतीसाठी व्हॅलग्राइंड आहे. तुमचं पर्ल डीबगिंगसह बांधलेलं असेल तर ते चालवताना पर्ल_डिस्ट्रक्ट_लेव्हल या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला २ द्या (साध्या पर्लवर त्याचा परिणाम होत नाही), नाहीतर बाहेर पडताना पर्ल जे मुद्दाम सोडत नाही तेही गळतीत मोजलं जातं.

आणि शोध घेताना प्रिंटच्या क्रमावर भरवसा ठेवू नका. पर्लचा आउटपुट बफर वेगळा, सीच्या प्रिंटएफचा वेगळा. टर्मिनलवर ओळी क्रमाने दिसतील, पण आउटपुट फाइलीत वळवलं की सीच्या सगळ्या ओळी एकदम शेवटी येतील, आणि कोसळलं तर त्या येणारच नाहीत. पर्लच्या बाजूने ऑटोफ्लश चालू करा, सीच्या बाजूने एफफ्लश कॉल करा. तेही प्लॅटिपसने अटॅच होतं: एक 'ओपेक' आर्ग्युमेंट, परतावा इंट, आणि कॉल करताना अनडेफ द्या, म्हणजे सीचे सगळे आउटपुट बफर एकदम रिकामे होतात.